बॅग कुणी ठेवली

“ती बॅग आधी खांद्यावरनं उतरव,” बापू म्हणाले. “शालू नेसल्यावर कुणी दप्तर अडकवतं का?”

साखरपुडा माझा, शालू माझा, खांदाही माझाच, पण हुकूम बापूंचा. बापू म्हणजे बापूसाहेब थोरवत, सुजयचे चुलते. आणि सुजय म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून त्या घरात बापू म्हणतील ती पूर्व दिशा. गावाबाहेरचं मंगल कार्यालय त्यांनी ठरवलेलं, आचारी त्यांचा, बँजोवाले त्यांचे. आम्ही मुलीकडची माणसं सकाळी पोचलो आणि मी पायरीवर पाऊल ठेवते न ठेवते तोच बापू वाटेत आडवे आले.

“जवळच असू दे, बापू,” मी म्हटलं. “यात आमच्या संस्थेचं यंत्र आहे. गाडीत ठेवायचं नाही असा नियम आहे.”

“कसलं यंत्र?”

“कान तपासायचं.”

पायरीवर उभ्या असलेल्या बायकांत खसखस पिकली. सुजयची एक आत्या म्हणाली, “बरं झालं बाई, तुझ्या सासूला किती ऐकू येतं ते आजच बघून ठेव. पुढं उपयोगी पडेल.” मीसुद्धा हसले. गोष्ट हसण्यावारी गेली तर उत्तमच, असं मला वाटत होतं.

बापू मात्र हसले नाहीत.

त्या बॅगेत काय होतं ते सांगते. मी ज्या संस्थेत होते ती खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये जाऊन मुलांचे कान तपासायची. त्यासाठी एक लॅपटॉप, त्याला जोडायचं जेवणाच्या डब्याएवढं यंत्र आणि हेडफोन. देणगीतून आलेलं, आणि आमच्याकडे असं एकच. मी, माझा ड्रायव्हर आणि ते यंत्र, असा आमचा संसार रोज कुठल्या ना कुठल्या वाडीवर मांडलेला असायचा. आदल्या वर्षी आमच्यातल्याच एकाचा लॅपटॉप गाडीतून गेला होता. धाब्यावर चहाला उतरला, लॅपटॉप सीटखाली सरकवला, गाडीला कुलूप लावलं आणि समजला की आपण फार शहाणपणा केला. चोराला सीटखाली वाकून बघायला काय परवानगी लागते? तेव्हापासून संस्थेच्या मॅडमनी आम्हा सगळ्यांना स्वच्छ सांगितलं होतं. यंत्र गाडीत सोडून जो उतरेल आणि ते चोरीला जाईल, त्यानं दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नये.

शनिवारी माझं शिबिर होतं, रविवारी साखरपुडा आणि सोमवारी त्याच तालुक्यातल्या एका शाळेत पुन्हा शिबिर. मग यंत्र ठेवायचं कुठं? आलं माझ्याबरोबर. शिवाय शनिवारच्या तपासण्या अजून त्यातच होत्या. त्यात एका वाडीवरची चार वर्षांची पोर होती. तिची आई सांगत होती, पोर भारी हट्टी, हाक मारली तर मान वळवत नाही, मार खाते पण ऐकत नाही. पोर हट्टी बिट्टी काही नव्हती. तिला ऐकूच येत नव्हतं. हे त्या माउलीला सांगितल्यावर तिनं पोरीला पोटाशी घट्ट धरलं होतं. त्या तपासणीवर पोरीला कानाचं मशीन मिळणार होतं, आणि ती तपासणी माझ्या खांद्यावर होती.

“बापू, मी कोपऱ्यात ठेवते. कुणाला दिसणारपण नाही,” मी म्हटलं.

“अगं, फोटो निघणार आहेत. व्हिडिओवाला आलाय. लोक म्हणतील, थोरवतांची सून साखरपुड्यातनं उठून हापिसला चाललीय. आण इकडं. माझ्या गाडीत ठेवतो.”

मी बाबांकडं बघितलं. बाबा एसटीत कंडक्टर होते. मुक्कामी गाडीवर असले की पैशाची बॅग उशाला घेऊन झोपायचे. जेवायला बसले तरी बॅगेचा पट्टा मांडीखाली दाबलेला. पुढं ते तिकिटाचं मशीन आल्यावर तर तेही गळ्यातून काढायचे नाहीत, आई म्हणायची, अंघोळीला तरी काढत जा. अंगावरची वस्तू अंगावरच ठेवायची ही खोड मला त्यांच्याकडनंच लागलेली. तेव्हा ते तरी माझ्या बाजूनं एक शब्द बोलतील असं मला वाटलं. पण बाबा विड्याचं तबक दोन्ही हातांत धरून उभे होते, आणि चेहऱ्यावर ते हसू होतं. मुलीच्या बापाचं हसू. लग्न ठरल्यापासून ते त्यांच्या तोंडावर येऊन बसलं होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

“दे की गं, वृषाली,” ते म्हणाले. “बापूसाहेब एवढं म्हणतायत तर.”

मी दिली असं म्हणायलाही जागा नाही. बापूंनी पट्टा धरला, ओढला, आणि बॅग त्यांच्या हातात गेली. ते तरातरा गाडीकडं निघाले आणि त्यांच्या मागनं मी शालूच्या निऱ्या सावरत. माझ्यामागं सुजय आणि त्याच्यामागं तबक घेतलेले बाबा.

कार्यालयाच्या मागं एक रिकामं रान सपाट करून गाड्या लावायची सोय केली होती. बापूंची नवी पांढरी गाडी मधोमध उभी. त्यांनी लांबूनच चावी दाबून ती वाजवली. मग डिकी उघडली, आतला नारळ बाजूला केला, बॅग ठेवली, तिच्यावर हात मारून डिकी बंद केली आणि पुन्हा चावी दाबून गाडी वाजवली. जेवढे म्हणून लोक त्या रानात होते तेवढ्यांनी बघितलं. तारेच्या कुंपणापाशी मोटरसायकलवर दोघं जण ऊस खात बसले होते, त्यांनीही बघितलं.

डिकीत ठेवायचंच असेल तर निघतानाच ठेवावं, आणि पोचल्यावर डिकीकडं ढुंकूनही बघू नये, हे आम्हा फिरतीवरच्या माणसांना पाठ असतं. मुक्कामाच्या जागी सगळ्यांदेखत डिकी उघडून बॅग ठेवणं म्हणजे दवंडी पिटणं. मी तसं म्हटलंसुद्धा.

“बापू, निदान गाडी पुढं दारात घ्या. तिथं माणसं आहेत.”

“या तालुक्यात माझ्या गाडीला हात लावायची छाती कुणाची नाही,” बापू म्हणाले. “तू आता नवरी मुलगी आहेस. आत जा, पाटावर बस.”

सुजय माझ्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, “थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे. सोड ना.”

सुजय मला आवडला होता. उगाच खोटं कशाला बोलू? बघायला आला तेव्हा पोहे बरे झालेत का एवढंच न विचारता माझ्या कामाबद्दल विचारत बसला होता. लहान मुलं खोटं खोटं ऐकू येतंय म्हणतात तेव्हा कसं ओळखता, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. नंतर फोनवर बोलायचो तेव्हा तो माझ्या वाड्या-वस्त्यांची नावं लक्षात ठेवायचा. त्यामुळे तो ‘सोड ना’ म्हणाला आणि मी सोडलं.

साखरपुडा झाला. ओटी भरली, साखरेचा पुडा हातात आला, अंगठ्या झाल्या. व्हिडिओवाल्यानं तेच तेच पुन्हा करायला लावलं. बँजो असा वाजत होता की शेजारच्याचं बोलणं कानात शिरेना. मी हसत होते, वाकत होते, पाया पडत होते, आणि चित्त सगळं त्या रानात. जेवणाच्या पंगती बसायच्या वेळेला मी आईला म्हटलं, “मी आलेच.” ती म्हणाली, “आता कुठं?” मी तोवर मागच्या दारानं बाहेर पडलेही होते.

गाडी जागेवर होती. लांबून बघितलं तर काही झालंय असं वाटू नये. जवळ गेले तर मागच्या दाराची काच नाही. फुटलेली काच साखरेसारखी सीटवर सांडलेली, मागची सीट पुढं पाडलेली, आणि तिथून आत हात घालून डिकी रिकामी केलेली. नारळ तेवढा राहिला होता. मोटरसायकल गेली होती आणि कुंपणाशी उसाची चिपाडं पडली होती.

ते यंत्र पुढं सापडलं नाही. आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणी त्या आशेवर बसायला नको.

मी तिथंच उभी राहिले. रडू आलं नाही. आला तो संताप, आणि तो चोरांपेक्षा बापूंवर जास्त होता. मग मी सरळ पंगतीत गेले आणि वाढप्याला बाजूला सारून बापूंसमोर उभी राहिले.

“गाडी फोडली, बापू. बॅग नेली.”

त्यांचा हात ताटातच थांबला. पण गडी मुरलेला. आवाज न चढवता म्हणाले, “बोलू नकोस इथं. आत चल.”

आतल्या खोलीत आम्ही जमलो. बापू, सुजय, बाबा, आई आणि मी. बापूंनी दार लावून घेतलं.

“हे बघ,” ते म्हणाले, “झालं ते वाईट झालं. पण आज शुभ दिवस आहे. आज पोलीस बिलीस काही नको. पाहुण्यांत हसं होईल. तुला तुझा तो लॅपटॉप मी नवीन घेऊन देतो, याच्यापेक्षा चांगला.”

“तो दुकानात मिळत नाही, बापू. आणि तो माझा नाही. संस्थेचा आहे. मला आजच्या आज तक्रार द्यावी लागेल.”

“उद्या देऊ.”

“उद्यापर्यंत चोर इथं वाट बघत बसणार आहेत का?”

आईनं माझा दंड धरला. “वृषे, जरा सबुरीनं घे,” ती म्हणाली. “अंगाला हळद लागायची आहे तुझ्या अजून. पोलीस ठाण्याची पायरी चढायचे दिवस आहेत का हे?”

“आई, मी कुणाचा खून करून नाही चाललेय. माझी चोरी झालीय.”

मी दार उघडून बाहेर पडले तेव्हा माझ्यामागं वहाणा वाजल्या आणि बघितलं तर बाबा होते. कुणाची तरी स्कूटर त्यांनी मागून घेतली. मी शालूसकट मागं बसले. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते, बघू देत म्हटलं. सबंध रस्ताभर बाबा एवढंच म्हणाले, “पदर चाकात जाईल, आवर.”

ठाण्यात टेबलामागं एक वयस्कर जमादार बसले होते. त्यांनी माझ्याकडं, मग माझ्या हातावरच्या मेंदीकडं बघितलं आणि बाबांना विचारलं, “पळून आलीय का ही?”

“नाही साहेब,” बाबा म्हणाले. “मी बाप आहे तिचा.”

मी सगळं सांगितलं. जमादारांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनाही रविवार होता, त्यांनाही घरी जायचं असेल. म्हणाले, “ताई, असं करू. बॅग गहाळ झाली म्हणून देऊ. दाखला लगेच हातात पडतो. चोरी म्हटलं की पंचनामा आला, तपास आला, तुमच्या खेपा आल्या.”

“गहाळ कशी होईल, साहेब? मी कुठं विसरले नाही, वाटेत पडली नाही. काच फोडून नेलीय.”

“नेहमीचंच आहे हो. लग्नसराईत हीच कामं चालतात. गलोरीनं छर्रा मारतात, काचेचा जागेवर भुगा. बँजोत ऐकू कुणाला येतंय? एकदा कुणी डिकीत काही ठेवताना दिसलं, की झालं.”

“मग चोरीच लिहा. तुम्हीच सांगताय ना, चोरी आहे.”

जमादारांनी डोकं खाजवलं आणि कागद पुढं ओढला. तेवढ्यात बाहेर बापूंची ती काच फुटलेली गाडी थांबली. बापू आणि सुजय आत आले. जमादार अर्धवट उठून उभे राहिले आणि बापूंना खुर्ची दिली गेली. मी आणि बाबा इतका वेळ बाकावर बसलो होतो.

जमादार बाहेर जाऊन गाडी बघून आले. “बापूसाहेब, काचा कुठं गेल्या?”

“झाडून घेतल्या. पोरंबाळं हिंडतायत, कुणाच्या पायात गेली म्हणजे?”

“हात लावायला नको होता,” जमादार पुटपुटले, पण तेवढंच. मग पेन उचललं. “हं. बॅग गाडीत कुणी ठेवली?”

मी तोंड उघडायच्या आत बापू म्हणाले, “तिनंच ठेवली. लिहा. ‘मी माझी बॅग थोरवत यांच्या गाडीत ठेवली व कार्यक्रमास गेले.’ बस, एवढंच पुरे.”

“मी नाही ठेवली,” मी म्हटलं.

पेन थांबलं. बापू उठले, माझ्या पाठीवर हात ठेवून मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले. सुजय मागोमाग आला. बापूंचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला.

“पोरी, तुला राजकारण कळत नाही. मार्केट कमिटीचं मतदान तोंडावर आलंय. उद्या पेपरात येईल, बापूसाहेब थोरवतांनी सुनेच्या खांद्यावरनं बॅग काढून घेतली आणि चोराच्या हातात दिली. समोरचे लोक तेवढंच घेऊन गावभर नाचतील. तू ठेवली म्हटलं काय आणि मी ठेवली म्हटलं काय, बॅग थोडीच परत येणार आहे? एका वाक्याचा तर प्रश्न आहे.”

“त्या एका वाक्यानं माझी नोकरी जाईल, बापू. यंत्र गाडीत सोडलं तर कामावर ठेवत नाहीत. नियम मी सकाळी पायरीवरच सांगितला होता.”

“मग जाऊ दे की.” त्यांना खरोखरच यात काही वावगं वाटत नव्हतं. “नाहीतरी लग्नानंतर सोडायचीच आहे. गावोगाव हिंडायचं, परक्या ड्रायव्हरबरोबर, ते आपल्याकडं चालणार आहे का? सुजय बोलला नाही का तुला?”

मी सुजयकडं बघितलं. तो व्हरांड्याच्या फरशीकडं बघत होता.

“बोलणार होतो,” तो म्हणाला. “लग्न झाल्यावर निवांत.”

फोनवरच्या सगळ्या गप्पा, त्या वाड्यांची नावं, ते सगळं त्यानं लक्षात ठेवलं होतं आणि माझं काम सुटणार हेही त्याला तेव्हाच माहीत होतं. निवांत सांगणार होता. मी आत आले आणि जमादारांच्या समोर बसले.

“लिहा साहेब. बॅग माझ्या खांद्यावर होती. मी नको म्हणत असताना बापूसाहेब थोरवत यांनी ती काढून घेतली आणि स्वतःच्या गाडीच्या डिकीत ठेवली. गाडी पुढं घ्या असं मी सांगितलं, त्यांनी घेतली नाही.”

“तोंड सांभाळून बोल,” बापू दारातून म्हणाले.

जमादारांची मोठी पंचाईत झाली. एकीकडं तालुक्यातला वजनदार माणूस, एकीकडं मी, मेंदीच्या हातांची. त्यांनी घसा खाकरला. “ताई, नुसतं तुमच्या शब्दावर मोठ्या माणसाचं नाव कसं लिहू? कुणी बघितलं का ठेवताना?”

“यांनी बघितलं.” मी सुजयकडं बोट केलं. “हे माझ्याच शेजारी उभे होते.”

सगळे सुजयकडं बघू लागले. त्याच्या बोटात माझ्या बाबांनी घातलेली अंगठी होती आणि तो ती गोल गोल फिरवत होता. मी त्याला म्हटलं, अगदी साध्या आवाजात म्हटलं, कारण मला अजून कुठंतरी वाटत होतं की हा बोलेल, “सुजय, बॅग गाडीत कुणी ठेवली?”

त्यानं बापूंकडं बघितलं. मग जमादारांकडं. माझ्याकडं बघितलंच नाही.

“गडबडीत होतो,” तो म्हणाला. “मला नक्की आठवत नाही.”

मला वाटलं होतं मी ओरडेन. उलट सगळं एकदम सोपं झालं. “साहेब, यांचं नाव घालू नका,” मी म्हटलं. “यांना आठवत नाही. पण मी सांगितलंय तसंच लिहून घ्या. साक्षीदार असो नसो, माझी तक्रार आहे. मी सही करते. आणि तुम्ही नाही लिहून घेतलीत तर मी इथं बसते. अशीच, या शालूवर. थोरवतांचे पाहुणे जेवून याच रस्त्यानं परत जाणार आहेत, बघतील सगळे.”

जमादारांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसले की काय कोण जाणे.

बापूंनी माझा नाद सोडला. ते बाबांकडं वळले. बाबा इतका वेळ बाकाच्या टोकाला बसून होते, टोपी मांडीवर. आम्ही आल्यापासून त्यांनी ‘मी बाप आहे’ याच्यापलीकडं एक अक्षर काढलं नव्हतं.

“शिंगटे,” बापू म्हणाले. सकाळपर्यंत ते ‘पाहुणे’ म्हणत होते. “पोरीला आवरा. मी फार ऐकून घेतलं. मुलीकडच्यांनी किती ताणायचं याला काही रीत असते. तुमची अजून एक पोर उजवायची आहे, चार लोकांत नाव घेतलं जाईल असं वागा.”

माझी धाकटी बहीण त्या वेळी कॉलेजात होती. हा घाव बरोबर जागी बसला. बाबांची मान खाली गेली. मला कळून चुकलं की आता बाबा उठतील, माझ्यापुढं हात जोडतील, आणि त्यांनी हात जोडले तर मी मोडेन. बापूंना, जमादारांना, सगळ्या जगाला मी भारी होते, पण त्या एका माणसाच्या जोडलेल्या हातांपुढं नव्हते.

बाबा उठले. टोपी डोक्यावर घातली. माझ्याकडं न येता टेबलापाशी गेले.

“साहेब, मी होतो तिथं,” ते म्हणाले.

जमादारांनी मान वर केली. “कुठं?”

“गाडीपाशी. तबक धरून उभा होतो. माझी पोर नको नको म्हणत होती. यांनी तिच्या खांद्यावरनं पट्टा ओढला, बॅग घेतली आणि डिकीत ठेवली. मी बघितलं. आणि बघून गप्प बसलो, तेही लिहा.”

“शिंगटे,” बापू म्हणाले, “नीट विचार करून बोला. हे कागदावर गेलं की हे लग्न विसरायचं.”

बाबांनी त्यांच्याकडं बघितलं. लग्न ठरल्यापासून त्यांच्या तोंडावर चिकटलेलं ते हसू कुठंच नव्हतं.

“विसरलो,” ते म्हणाले. मग जमादारांकडं वळले. “हं साहेब, पुढं लिहा.”